एकेचाळीस दिवसांचं कालवण

मित्रांनो, मी चट्टी. मासळीचं कालवण रांधायची मातीची काळी चट्टी, बसक्या अंगाची आणि रुंद तोंडाची. केरळात आलप्पुळाच्या खाली समुद्राला चिकटून पुन्नत्तुरा नावाचं गाव आहे. तिथं कार्त्यायनी नावाच्या कोळिणीच्या घरी मी बावीस वर्षं काढली. मला स्वतःचं कौतुक सांगायची खोड आहे, ती सुरुवातीला थोडी सोसा. पुढचं सांगताना माझी फुशारकी आपोआप उतरेल.

वेलम्मा नावाच्या कुंभारणीनं मला घडवलं. भातखाचरातली माती तिनं पायांनी तुडवली, चाकावर चढवली आणि मी ओली असतानाच आतून गुळगुळीत दगड धरून बाहेरून लाकडी थापीनं माझं बूड चोपून काढलं. भट्टीत आम्ही एकोणीस जणी गेलो आणि पंधरा जणी बाहेर आलो. उरलेल्या चौघी आतच तडकल्या. तेव्हा मी लाल होते. काळी झाले ती नंतर, धुरानं आणि तेलानं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

कार्त्यायनीनं मला घेतलं ते एका वाईट प्रसंगानंतर. तिचा नवरा तापानं गेला होता. आमच्याकडची रीत अशी, की ज्या घरातलं माणूस जातं तिथं आणि त्याच्या भाऊबंदांत सोळा दिवस सुतक. त्या दिवसांत मासळी चुलीवर चढत नाही, तोंडात जात नाही, आणि गेलेल्याच्या घरातली मासळीची जुनी चट्टी अंगणात नेऊन फोडतात. सोळाव्या दिवशी विधी होतात, सगळे न्हातात, मगच सुतक फिटतं आणि नवी चट्टी घरात येते. माझ्या आधीची फुटली म्हणून माझी वर्णी लागली. वेलम्मा टोपली घेऊन दारात आली तेव्हा कार्त्यायनीनं एकेकीला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं.

“ही बद्द वाजते. ही पण. वेलम्मा, सगळ्या कच्च्याच काढल्यास की काय?”

“चट्ट्या नाही गं, तुझे कान बद्द झालेत. ती मागची वाजवून बघ.”

ती मागची म्हणजे मी. मी अशी खणखणीत वाजले की कार्त्यायनीनं पुढं एक शब्द न बोलता मला उचललं.

नव्या चट्टीत कुणी लगेच कालवण करत नाही. तीन दिवस मला पाण्यात बुडवून ठेवलं. मग रोज भाताची पेज उकळली, मग खोबरेल माखून मंद जाळावर तापवलं, मग माझ्यात ओलं खोबरं तांबूस होईपर्यंत परतलं आणि टाकून दिलं. कार्त्यायनीचा मुलगा सुगुणन तेव्हा दहा वर्षांचा होता. बापाच्या सुतकात त्यानं सोळा दिवस मासळी पाहिली नव्हती आणि आता ही नवी चट्टी नुसती पेज पीत बसलेली.

“अम्मा, ही आजारी आहे का गं?” त्यानं विचारलं.

नवरा गेल्यापासून कार्त्यायनी पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

नवव्या दिवशी माझ्यात कोळंबीचं कालवण झालं. आता ते कसं होतं ते ऐका, कारण ह्यात मी कुणाला हार जाणार नाही. कोळंबी सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, मीठ-हळद लावून बाजूला ठेवायची. ओलं खोबरं, लाल मिरची, धणे आणि हळद पाट्यावर गंधासारखं वाटायचं. कैरीच्या फोडी, शेवग्याच्या शेंगांचे तुकडे, उभी चिरलेली हिरवी मिरची, आलं, कढीपत्ता हे सगळं वाटणात आणि पाण्यात माझ्या पोटात घालायचं आणि चुलीत करवंट्या सारायच्या. कैरी मऊ झाली की कोळंबी टाकायची. कैरीचा हंगाम नसेल तर कुडंपुळी घालायची. धुरावर वाळवलेलं काळं आंबट फळ असतं ते, तुमच्या कोकमाची थोरली बहीणच म्हणा. आणि एकदा कोळंबी पडली की चमचा वर्ज्य. चमच्यानं कोळंबी मोडते. फडक्यानं माझे दोन्ही काठ धरायचे आणि मला उचलून गोल हिंदकळायचं, बस्स. शेवटी खोबरेल तेलात चिरलेले लहान कांदे, मेथीचे चार दाणे आणि कढीपत्ता. ही फोडणी अंगावर चुर्रकन पडली की झाकण टाकून मला जमिनीवर उतरवायचं. मी तिथंसुद्धा आणखी बराच वेळ खदखदत राहते. स्टीलच्या पातेल्याला हे जमतं का, विचारा त्याला.

पण खरी मजा कालवण संपल्यावर असायची. माझ्या पोटाला चिकटून राहिलेल्या मसाल्यात कार्त्यायनी गरम भात टाकायची आणि हातानं सगळीकडून पुसून त्याचे गोळे करायची. त्या भातासाठी सुगुणन आणि त्याचा चुलतभाऊ भार्गवन रोज भांडायचे. भार्गवन दोन घरं पलीकडे राहायचा, सुगुणनच्या काकाचा मुलगा, पण जेवायच्या वेळी हमखास आमच्या चुलीशी.

“वलियम्मा, मला मोठा गोळा. ह्यानं काल खाल्लाय.” थोरल्या काकूला आमच्याकडं वलियम्मा म्हणतात.

“तुझ्या घरी चट्टी नाही का रे, फुकट्या?” सुगुणन म्हणायचा.

“आहे. पण तिच्यात माझी आई रांधते ना.”

दोघं मोठे झाले, दोघांनी मिळून एक लहान इंजिनाची होडी घेतली, समुद्रावर बरोबर जाऊ लागले. गोळ्यावरचं भांडण मात्र तसंच चालू राहिलं.

सुगुणनचं लग्न झालं आणि विलासिनी घरात आली. ती तळ्याकाठच्या गावची, समुद्राची नव्हे. पहिल्याच दिवशी तिनं माझ्यात पितळी डाव घातला आणि खणकन माझ्या काठाचा टवका उडवला. मला आलेला राग मी अजून विसरलेले नाही.

“तुमच्याकडं कालवण करतात की विहीर उपसतात?” कार्त्यायनी म्हणाली.

“आमच्याकडं कालवण खातात, अम्मा. त्याची पूजा नाही मांडत.”

सुगुणनला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. सासू-सुनेचं असंच चालायचं. एकीनं टोला हाणायचा, दुसरीनं परतवायचा. त्यात विष नव्हतं. विलासिनी कोळंबी सोलायच्या शेडवर कामाला जायची. दिवसभर बर्फाच्या पाण्यात हात, बोटांची टोकं भेगाळलेली. घरी आल्यावर कोळंबीचा वाससुद्धा तिला नकोसा व्हायचा. ती आपली ताक आणि लोणच्याशी भात खायची आणि सासू नाक मुरडायची. पण ‘खाच’ असं तेव्हा तिला कुणी म्हटलं नाही.

मग घरात गॅस आला. कार्त्यायनीचे गुडघे धरू लागले होते, चुलीपुढं उकिडवं बसणं तिला जमेना. मला धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. तीन वर्षं मी तिथं होते. खालून प्रेशर कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि मी आतल्या आत जळायचे. एक चट्टी रिकाम्या पोटी काय काय विचार करते ते तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. मला वाटायचं, काहीही होवो, पण कुणीतरी मला खाली काढो.

मित्रांनो, हे मी मागितलं होतं, म्हणून आधीच सांगून टाकते.

जूनमधला सोमवार होता. आमच्या किनाऱ्याला त्या दिवसांत चाकरा लागतो. किनाऱ्याजवळचं पाणी चिखलानं जड होऊन शांत होतं आणि कोळंबी आपल्या पायांनी दारात येते. गावात त्या आठवड्यात घरोघरी कोळंबी होती. सकाळी निघता निघता सुगुणन म्हणाला, “अम्मा, आज चट्टी काढ गं. पातेल्यातलं खाऊन जिभेला गंज चढला.”

“गुडघे कोण देणार? तुझा बाप?”

“विलासिनी फुंकेल चूल. तू नुसता हात लाव.”

मला खाली काढलं. मी तासभर पाण्यात पडून होते आणि इतकं पाणी प्यायले की बुडबुडे निघत होते. आनंदाचेच ते. दुपारी वारा सुटला तेव्हा मी चुलीवर होते. कालवण उतरलं, फोडणी पडली, झाकण बसलं. आणि बाहेर आरडाओरडा झाला.

किनाऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. पुढं आमच्या स्वयंपाकघरात बसून बायका जे बोलल्या त्यावरून मला कळलं. दोघं चाकराच्या बाहेर गेले होते, तिथं होडी उलटली. दुसऱ्या होडीनं भार्गवनला उचलून आणलं. सुगुणन सापडला नाही. कार्त्यायनी कमरेएवढ्या पाण्यात धावत गेली, भार्गवनचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि ओरडली, “दिसला का? जिवंत दिसला का, तेवढं सांग!” आणि भार्गवन म्हणाला, “दिसला, वलियम्मा. रिकाम्या कॅनला धरून दक्षिणेकडं वाहत होता. तिकडच्या मोठ्या बोटी उचलतील त्याला.”

तीन दिवस गावच्या होड्या शोधत फिरल्या. चौथ्या दिवशी थांबल्या.

त्या पहिल्या दिवशीचं कालवण कुणी खाल्लं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कार्त्यायनीनं मला घासलं आणि पुन्हा कोळंबी चढवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी शेजारची सरोजिनी आली. ती कार्त्यायनीच्याच वयाची, दोघी एकत्र डोक्यावर टोपल्या घेऊन मासळी विकत फिरलेल्या. ती चुलीशी बसली आणि हळूच म्हणाली, “कार्त्यायनी, आता काही तरी ठरवायला नको का गं?”

“काय ठरवायचं? माझ्या चुलीवर काय शिजतंय ते बघ.”

“कोळंबी.”

“मग? सुतकाच्या घरात कोळंबी शिजते का? नाही ना? मग ह्या घरात कुणी मेलेलं नाही. ऊठ, घरी जा. आणि येशील तेव्हा दोन कैऱ्या आण.”

सरोजिनीनं कैऱ्या आणल्या. दुसऱ्या बायकांनी मूठमूठ कोळंबी आणून दिली. भार्गवन रोज सकाळी पानात गुंडाळून कोळंबी दाराशी ठेवायचा आणि आत न येताच जायचा. कार्त्यायनी आतून ओरडायची, “अरे, जेवून जा!” तो म्हणायचा दात दुखतोय, कधी म्हणायचा पोट बिघडलंय. असं सगळं गाव माझं पोट भरू लागलं.

माझं काय चाललं होतं विचाराल तर मी सुखात होते. रोज सकाळी पाणी, रोज तेल, रोज जाळ. तीन वर्षं माळ्यावर काढल्यावर आता माझ्यावाचून घराचं पान हलत नव्हतं. कार्त्यायनी मला छातीशी धरून विहिरीवर न्यायची आणि लेकराला न्हाऊ घालावं तशी घासायची. मला मूर्खीला वाटलं, हे माझं कौतुक आहे.

विलासिनीकडं मी उशिरा पाहिलं. संध्याकाळी तीन ताटं वाढली जायची. सुगुणनच्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवायचं. विलासिनीच्या ताटात भातावर कालवण आणि मोजून सहा कोळंब्या. पहिल्यांदा वाढलं तेव्हा तिनं ताट सरकवलं.

“अम्मा, नाही जात घशाखाली.”

“का नाही जात? तुझ्यापुरता मेला का तो?”

“असं बोलू नका हो.”

“मग खा. खाऊन दाखव.”

तिनं खाल्लं. रोज खाल्लं. कार्त्यायनी समोर बसून शेवटची कोळंबी तोंडात जाईपर्यंत बघत राहायची. मग विलासिनी भांडी घेऊन मागच्या दारानं बाहेर जायची आणि शेवग्याच्या झाडामागं तोंडावर पदर दाबून सगळं ओकून टाकायची. मी तिथंच विहिरीच्या काठावर घासायला पडलेली असायचे, म्हणून मला ऐकू यायचं. तोंड धुऊन ती परत यायची, मला घासायची. तिनं रडू कधी फुटू दिलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही तिथं रडायचं कशासाठी? तिची बोटं बर्फानं फुटलेली होतीच, आता राखेनं चिघळली.

कैऱ्या संपल्या. कार्त्यायनीनं कुडंपुळीचं गाडगं काढलं. कालवणाचा रंग बदलला, वास बदलला, बाकी काही बदललं नाही.

पस्तिसाव्या की छत्तिसाव्या दिवशी विलासिनीनं सगळा धीर गोळा केला. “अम्मा, कर्किडक महिन्याची अमावास्या तीन आठवड्यांवर आली. त्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर जाऊन आपापल्या माणसांना तिळाचं पाणी देणार. यांना कोण देणार? हे तिकडं तहानलेले...”

“तोंड आवर!” कार्त्यायनीच्या हातातलं पळीभर तेल जाळात सांडलं आणि भपकन ज्वाळा उठली. “जिवंत माणसाला पिंड घालायला निघालीस? तुला मोकळं व्हायची घाई झालीय काय? माहेरी दुसरं स्थळ बघितलंय काय?”

पूर्वी विलासिनीच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तिनं फडकं घेऊन चुलीचा काठ पुसला. संध्याकाळी तिच्या ताटात आठ कोळंब्या होत्या.

मी काय करू शकत होते? मी चट्टी. पण खोटं कशाला बोलू, तडकायचं मनात आणलं असतं तर जमलं असतं. टवका उडालेल्या काठापासून केसाएवढी एक चीर माझ्या पोटापर्यंत उतरलेली होतीच. मी जपून राहिले. फुटले असते तर मला चूल परत मिळाली नसती.

एकेचाळिसाव्या दिवशी समुद्र इतका खवळला होता की एकही होडी पाण्यात गेली नाही. त्यामुळं भार्गवन सकाळऐवजी दुपारी आला. कुणाकडून तरी मूठभर कोळंबी मागून आणली होती. तो पान ठेवून वळणार एवढ्यात कार्त्यायनीनं दारातून त्याचं मनगट पकडलं.

“आज सोडणार नाही. ये आत.”

“वलियम्मा, माझं पोट...”

“एकेचाळीस दिवस पोट बिघडलेला माणूस असा रेड्यासारखा चालत नाही. बस.”

तो चुलीशी बसला, त्याच्या नेहमीच्या जागी. मान वर करेना. कार्त्यायनीनं कालचं उरलेलं, मला न घासता चुलीवर तसंच गरम केलेलं कालवण एका वाडग्यात काढलं, माझ्या तळाशी मसाला राहिला होता त्यात गरम भात टाकला, हातानं सगळीकडून पुसला आणि मुठीएवढा गोळा वळला. आत दोन कोळंब्या. विलासिनी शेडवर गेली नव्हती, ती मागच्या दारात तांदूळ निवडत होती.

“घे. ह्याच्यासाठी दोघं डोकी फोडायचात. आता तो येईपर्यंत सगळा तुझा.”

भार्गवननं गोळा हातात घेतला. तोंडाशी नेला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. गोळा त्याच्या हातातून सुटून परत माझ्या पोटात पडला.

“मला नको, वलियम्मा.”

“दात?”

कार्त्यायनी त्याच्याकडं बघत राहिली. चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई ती. ताजं काय आणि शिळं काय, तिला बोट लावूनसुद्धा बघावं लागायचं नाही. तिचा आवाज एकदम खाली आला.

“भार्गवा, तू मासळी खाऊन किती दिवस झाले?”

तो बोटानं जमिनीवर रेघा ओढू लागला.

“तुझा बाप ठणठणीत आहे. आई ठणठणीत आहे. बायको, पोरं आहेत. मग तू सुतक कुणाचं धरलंयस?”

भार्गवननं दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि असा आवाज काढला की शेजारी ठेवलेलं माझं झाकण खडखडलं.

“मी त्याचा हात धरला होता, वलियम्मा. जाळ्याचा दोर त्याच्या पायात गुंतला होता. जाळं खाली जात होतं. त्याच्याबरोबर मी पण खाली जायला लागलो. मी सोडला. मी हात सोडला हो.”

“कॅन?”

“कॅन नव्हता. काही नव्हतं. तुम्ही शर्ट धरलात, मला दुसरं काही सुचलं नाही. वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग तुम्ही कोळंबी चढवलीत. रोज चढवायला लागलात. कसं सांगू?”

“तुझ्या घरी ठाऊक आहे?”

“त्याच रात्री सांगितलं. आमच्या घरात कुणीच मासळीला हात लावलेला नाही. पण ह्या घरात विधी झाल्याशिवाय आमचं फिटत नाही. सगळे भाऊबंद थांबलेत.”

“सरोजिनीला?”

त्यानं होकाराची मान डोलावली.

“म्हणजे सगळ्यांना. ह्या घरातल्या दोघींना सोडून.”

मागच्या दारात सूप खाली पडलं आणि तांदूळ जमिनीवर पसरले. विलासिनी भिंतीला धरून उभी होती. तिचं तोंड उघडं होतं, पण आवाज नव्हता. एकेचाळीस दिवस दाबून ठेवलेला आवाज असा हाक मारल्यावर लगेच येत नाही.

कार्त्यायनी उठली. चुलीतली जळती लाकडं तिनं एकेक करून ओढली आणि राखेत दाबली. मग तिथंच बसकण मारली.

“सोमवारीच गेला,” ती म्हणाली. “त्या दुपारी. मी फोडणी देत होते तेव्हा तो गेलेला होता. एकेचाळीस दिवस मी माझ्या लेकाच्या सुतकात कोळंबी रांधली. स्वतः खाल्ली. आणि त्याच्या बायकोला खाऊ घातली.”

मग तिनं विलासिनीकडं मान वळवली.

“तू शेवग्यामागं ओकायचीस. मला ऐकू यायचं.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” विलासिनीचा आवाज घोगरा होता.

“होतं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून वाढायचे. तुझ्या पोटानं त्याला मेला म्हटलेलं मला चालत नव्हतं.”

मित्रांनो, बावीस वर्षांत त्या घरात ह्याच्याइतकं वाईट वाक्य मी ऐकलं नाही. आणि ह्याच्याइतकं खरंही.

कार्त्यायनीनं मला उचललं. आता काय करायचं ते सगळ्यांनाच माहीत होतं. ती अंगणापर्यंत गेली, हात वर केले, पण तिला जमेना. मला तसंच छातीशी धरून ती उभी राहिली. मसाल्याचा भात अजून माझ्या पोटात गरम होता. मग विलासिनी आली आणि तिनं सासूच्या हातातून मला सोडवून घेतलं. जोर लावावा लागला नाही.

कपडे धुवायच्या दगडावर तिनं मला आपटलं. मी तीन ठिकाणी फुटले. दुखलं, नाही म्हणत नाही. पण त्या आवाजाबरोबर तिचा आवाज फुटला. तिनं असा हंबरडा फोडला की माडांवरचे कावळे उडाले. ती त्याचं नाव घेऊन रडली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची तिला सवय नव्हती, पण त्या दिवशी तिनं ते पुन्हा पुन्हा घेतलं.

सरोजिनी सगळ्यांत आधी आली. तिच्यामागून साऱ्या बायका. काय झालं म्हणून एकीनंही विचारलं नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पेज आणून देतात. ती पेज अर्ध्या तासात आली, गरम, झाकलेली. इतक्या दिवसांत रोज त्यांच्यापैकी कुणीतरी ती करायची तयारी ठेवली असणार.

पुढं विधी झाले. प्रेताच्या जागी दर्भाचा पुतळा करून जाळला. सोळाव्या दिवशी भाऊबंद न्हाले. अमावास्येला विलासिनीनं किनाऱ्यावर जाऊन तिळाचं पाणी सोडलं. हे सगळं मी अंगणात पडल्या पडल्या ऐकलं. भार्गवनशी कार्त्यायनी अजून बोलत नाही. तो रोज येऊन पायरीवर बसतो, ती त्याला हाकलत नाही, एवढंच.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या संध्याकाळचं. बायका पांगल्या होत्या आणि दोघी अंगणातच, माझ्या तुकड्यांशेजारी बसल्या होत्या. कार्त्यायनीनं पेज दोन थाळ्यांत ओतली आणि एक विलासिनीपुढं ठेवली. विलासिनीचे डोळे सुजून बंद झाले होते. थाळी समोर येताच ती सवयीनं सावरून बसली, सासूच्या तोंडाकडं पाहिलं आणि घाईघाईनं खायला लागली. एक घास, दोन घास, तिसरा. तिसऱ्याला तिला उमासा आला. तिनं तोंडावर हात दाबला आणि भ्यालेल्या डोळ्यांनी सासूकडं बघत तो घास गिळायला लागली.

कार्त्यायनी पुढं सरकली. विलासिनी आक्रसली. कार्त्यायनीनं तिच्या तोंडाखाली आपला हात धरला, तळवा वर करून.

“टाक,” ती म्हणाली. “माझ्या हातात टाक, बाई. नको खाऊस. नसेल जात तर नको खाऊस.”

मित्रांनो, भांडी जपा, हे मी तुम्हाला सांगणार नाही. भांडी फुटतात, नवी मिळतात. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या ओळखीच्या कुण्या घरी असं काही झालं, आणि तुम्हाला खरं काय ते ठाऊक असलं, तर मूठभर कोळंबी घेऊन त्या दारात जाऊ नका. आत जा, त्या घरातल्या बाईच्या हातातलं भांडं आधी खाली ठेवा, आणि त्याच दिवशी सांगा.